ट्रेडमार्क, पेटंट की कॉपीराइट : आधी कशाकडे वळावे?

भोसरीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारा कारखानदार, सदाशिव पेठेतून घरगुती मसाले विकणारी उद्योजिका आणि कोथरूडला बसून बोधचिन्हे व मुखपृष्ठे करणारा चित्रकार, या तिघांनाही आपले काम दुसऱ्याने उचलू नये असेच वाटते; मात्र तिघांना लागू होणारे कायदे वेगळे आहेत. पैसा आणि सवड बेताची असेल, तर एकदा हुकल्यावर परत न मिळणाऱ्या हक्काकडे आधी वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि तो हक्क पेटंटचा आहे.

पेटंट नव्या आणि उद्योगात वापरता येणाऱ्या शोधाला अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे मिळते. अर्जाआधी मोशीच्या प्रदर्शनात यंत्र चालवून दाखवले किंवा त्याची चित्रफीत समाजमाध्यमावर टाकली, तर काही मोजके अपवाद सोडता शोधाचे नावीन्यच संपते. म्हणून रचना पक्की होण्याआधीही प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करून तारीख मिळवावी आणि 12 महिन्यांत संपूर्ण विवरण द्यावे. व्यक्ती, स्टार्टअप व लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क 1,600 रुपये आहे. मोठा खर्च येतो तो विवरण जाणकाराकडून लिहून घेण्याचा, आणि तिथे काटकसर करू नये.

मसाल्याच्या कृतीवर पेटंटची आशा धरू नये, कारण नुसते मिश्रण आणि पारंपरिक ज्ञान कायद्याने वगळले आहे. प्रमाण गुपित ठेवावे आणि पाकिटावरच्या नावासाठी ट्रेडमार्क घ्यावा. वस्तू व सेवांचे 45 वर्ग आहेत. मसाले 30व्या वर्गात येतात, बहुतेक लोणची 29व्या. व्यक्ती, स्टार्टअप व लघुउद्योगांना प्रत्येक वर्गासाठी ऑनलाइन 4,500 रुपये लागतात, आणि नोंदणी दर 10 वर्षांनी नूतनीकरण करत कायम ठेवता येते. नोंदणी नसलेल्या जुन्या वापरालाही कायदा मान देतो, पण त्यावर विसंबणे महागात पडू शकते. पुणे कॅम्पातील ‘बर्गर किंग’ हे नाव 1992पासून वापरात असल्याने 2024मध्ये जिल्हा न्यायालयाने अमेरिकी कंपनीचा दावा फेटाळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने मात्र अपिलाचा निकाल लागेपर्यंत ते नाव वापरण्यास मनाई केली, आणि मार्च 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली.

कॉपीराइट कलाकृती साकारताच आपोआप मिळतो. लेखन व चित्रांवर तो निर्मात्याच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे राहतो. नोंदणी सक्तीची नाही, वादात पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. घोळ होतो तो मालकीचा. मसाल्याचे बोधचिन्ह बाहेरच्या चित्रकाराकडून करून घेतले, तर मोबदला दिला म्हणजे हक्क आपला झाला असे गृहीत धरू नये. हस्तांतरण लेखी व सहीचे हवे, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाचच वर्षांची मानतो. म्हणून पैसे देण्याच्या दिवशीच मुदत, प्रदेश आणि वापराचे प्रकार नमूद केलेला कागद करून घ्यावा.