अ‍ॅक्टिव्हाला साइड व्हील: उद्यमनगरच्या वर्कशॉपचा अनुभव, आणि तीनचाकीला पेट्रोल इंजिन का नाही बसवलं

साइड व्हील म्हणजे पायानं अधू माणसाला स्कूटर चालवता यावी म्हणून मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूला बसवतात ती जादा चाकं. त्याबद्दल मराठीत नीट माहिती कुठं मिळत नाही. व्हिडिओ भरपूर आहेत पण त्यात गाडी मैदानात गोल फिरवून दाखवतात आणि शेवटी मोबाईल नंबर देतात, काय बघून घ्यायचं ते कुणी सांगत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, ज्याला उपयोग होईल त्याला होऊदे.

गाडी माझ्या मोठ्या भावाची. दादाला लहानपणी पोलिओ झालाय, डाव्या पायात अजिबात ताकद नाही, उजव्याला कॅलिपर (पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या) आहे, कुबड्यांवर चालतो. गारगोटीजवळ आमचं गाव आणि दादाचं तालुक्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान, म्हणजे रोज जाऊन येऊन आणि पावसाळ्यात सुद्धा. आमच्याकडचा पाऊस ज्यांना माहितेय त्यांना वेगळं सांगायला नको.

आधी त्याच्याकडं बॅटरीवरची तीनचाकी होती, शिबिरात मिळालेली. गावातल्या गावात गाडी चांगलीच होती, पण लेड अ‍ॅसिड बॅटऱ्या दमल्या की चढाला रडायला लागते, आणि नव्या बॅटऱ्या घातल्या तरी तालुक्याला जाऊन यायचं म्हणजे जीव मुठीत. मग गावातल्या पोरांनी आयडिया काढली की बॅटरी मोटर काढून टाकू आणि ग्रास कटरचं पेट्रोल इंजिन बसवू, घरीच होतंय सगळं. मी स्वतः लेथवर काम करतो त्यामुळं माझ्याकडंच आलं ते काम. मी नाही म्हटलं. का ते सांगतो, कारण हे करायच्या विचारात बरेच जण असतात आणि परदेशात तर चार चाकांच्या मोबिलिटी स्कूटरला (म्हातारी, अपंग माणसं वापरतात त्या बॅटरीच्या गाडीला) पण लोक गॅरेजमध्ये इंजिन बसवतात.

ताकदीचा प्रश्न नाही, उलट ताकद जास्तच होते. अशा तीनचाकीची मोटर साधारण २५० वॅटची म्हणजे एक तृतीयांश एचपी, आणि छोटं २५ सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन पण एक एचपीच्या आसपास देतं. अडचण अशी की मोटर जागेवरून उठतानाच पूर्ण जोर देते आणि इंजिनला आधी फिरायला लागतं, तेच्यासाठी सेंट्रीफ्युगल क्लच (इंजिनचा वेग वाढला की आपोआप पकडणारा) पाहिजे, आणि वर रिडक्शन, म्हणजे फेरे कमी करायची जोडणी. २४ इंची चाक ताशी २५ किलोमीटरला मिनिटाला जेमतेम २१७ फेरे घेतं आणि हे इंजिन सात हजारावर पळतंय, म्हणजे बत्तीस पट कमी करायचं. चेन स्प्रॉकेट एका टप्प्यात हे होत नाही, दोन तीन टप्पे करायचे आणि ते सगळं सायकलच्या पाइपच्या फ्रेमवर टांगायचं, ती फ्रेम इंजिनच्या थरथरीला बनवलेलीच नाही, वेल्डिंगच्या कडेला तडा जाणार हे ठरलेलं. मोटरला वायर उलटी केली की रिव्हर्स येतो, इंजिनला त्यासाठी वेगळा गिअर. परदेशी मोबिलिटी स्कूटरला तर लिव्हर सोडला की आपोआप ब्रेक लागतो, मोटरवरच इलेक्ट्रोमॅग्नेटिक ब्रेक असतो, मोटर काढली की तो ब्रेक पण गेला, आणि ज्याला पाय टेकवून गाडी थांबवता येत नाही त्याच्यासाठी तोच तर मेन होता.

सायलेन्सरचं पण बघा. पोलिओत पायाची ताकद जाते पण संवेदना राहते, चटका बसला तर कळतं. मणक्याला मार लागलेल्या माणसाला कळतच नाही, सायलेन्सरला पाय टेकलेला असतो आणि कातडी भाजून निघेपर्यंत पत्ता नसतो. घरच्या घरी इंजिन बसवणाऱ्यांनी निदान ह्याचा तरी विचार करावा.

कायद्याचं पण आहे. बॅटरीची गाडी २५० वॅटच्या आत आणि ताशी २५ च्या आत असली की मोटार वाहनात धरत नाहीत. चारपेक्षा कमी चाकांच्या गाडीला २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलं तरी धरत नाहीत, पण बाजारात शेतीसाठी सर्रास मिळणारी ग्रास कटरची इंजिनं ३५ नाहीतर ५२ सीसीची. ते बसवलं की पासिंग, इन्शुरन्स, लायसन सगळं लागतं आणि घरी बनवलेल्या गाडीचं पासिंग कोण करणार. उद्या कुणाला धक्का लागला तर दादाच्या नावावर.

मग ठरलं की कंपनीची गाडी घ्यायची आणि तिला साइड व्हील बसवायची. अ‍ॅक्टिव्हा घेतली कारण गिअर नाही, पायाचं काम काहीच नाही, दोन्ही ब्रेक हातात, आणि डावा लिव्हर दाबला की पुढचा मागचा दोन्ही ब्रेक लागतात.

आता वर्कशॉप. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आहे, छोटं शेड, बाहेर पाटी सुद्धा धड नाही. त्याआधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी चौकशी केली होती (नाव लिहीत नाही), तिथं म्हणाले गाडी सोडून जावा, संध्याकाळी घेऊन जावा, पेशंटला आणायची गरज नाही. पेशंट हा शब्द दादाला आवडला नाही तो भाग वेगळा, पण माणसाला न बघता साइड व्हील बसवतो म्हणणारा माणूस मला तिथंच खटकला. उद्यमनगरच्या मिस्त्रीमामांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, वजन किती आणि मागं कोण बसणार काय. दुसरा प्रश्न, कुठला पाय. मला तिथंच पटलं.

हे प्रश्न का महत्त्वाचे ते समजून घ्या, सगळा खेळ ह्यावरच आहे. अ‍ॅक्टिव्हाचं मागचं चाक आणि इंजिन एकत्र शॉकअपवर वरखाली होतं, पण साइड व्हीलची फ्रेम चासीला बसते. माणूस बसला की चासी खाली दबते आणि तेच्याबरोबर साइडची चाकं पण खाली येतात. रिकाम्या गाडीवर बरोबर उंची लावली असली तरी माणूस बसल्यावर सगळा भार साइडच्या चाकांवर जातो आणि मधलं चाक हलकं पडतं. मधलंच चाक गाडी ओढतं आणि मागचा ब्रेक पण मधल्याच चाकाला, साइडच्या चाकांना बहुतेक ठिकाणी ब्रेक नसतोच. मग स्पीड ब्रेकरवर, चिखलात, ओल्या शेणकाल्यावर मधलं चाक नुसतं फिरत राहतं, गाडी जागेवर, आणि ब्रेक मारला की मागचं चाक घसरतं. उलटं, साइडची चाकं फार वर ठेवली तर गाडी एका अंगाला कलंडल्यासारखी राहते आणि चालवणारा दिवसभर कंबर तिरकी करून बसतो. म्हणून उंची लावायची ती माणूस बसवूनच, कॅलिपर घालून, सामानाची पिशवी पुढं ठेवून. मामांनी तसंच केलं. दादाला बसवलं, मला मागं बसवलं, परत मला उतरवलं, प्रत्येक वेळी मधल्या चाकावर किती भार आहे ते चाक हातानं फिरवायचा प्रयत्न करून बघितलं, आणि शेवटी बाहेरच्या खड्ड्याच्या रस्त्यावर दादालाच चक्कर मारायला लावली. परत आल्यावर पुन्हा नट सैल केले. हे काम चालू असताना दुसरं गिऱ्हाईक थांबलं होतं तरी घाई केली नाही.

किट दोन प्रकारचं मिळतं, एक साधं, ज्यात साइडची चाकं फिक्स असतात, आणि दुसरं प्रत्येक चाकाला वेगळा शॉकअप असलेलं. पैसे वाढतात पण आमच्यासारख्या रस्त्याला शॉकअपवालंच घ्या, एका बाजूचं चाक दगडावर चढलं तरी मधलं चाक जमिनीला राहतं. आम्हाला फिटिंग, पेंट आणि कुबड्या अडकवायचा क्लॅम्प धरून १८ हजार पडले. साधं किट घेतलं असतं तर चार पाच हजार वाचले असते. कुबड्यांचा क्लॅम्प उजव्या बाजूला हवा होता, कारण दादा उजव्या हातानं उतरताना आधार घेतो, तो तसाच लावून दिला, वरनं रबर घातलं खडखड होऊ नये म्हणून.

काम स्वच्छ आहे. चासीला कुठं भोक पाडलं नाही, कंपनीच्याच बोल्टच्या जागी जाड प्लेट आणि यू क्लॅम्प. वेल्डिंग मी स्वतः बोट फिरवून बघितलं, पोरसवदा काम नाही. साइडची चाकं पण १० इंची, म्हणजे मागच्या चाकाच्याच साइजची, एक स्टेपनी तिन्हीला चालते. आणि ही गोष्ट आवर्जून विचारा: मधलं चाक पंक्चर झालं तर फ्रेम न काढता चाक निघतं काय? बऱ्याच किटमध्ये निघत नाही, रस्त्यावर अर्धी गाडी उघडायला लागते. ह्यात सायलेन्सर सोडला की चाक बाहेर येतं.

आवडलं नाही ते पण सांगतो. मडगार्ड तोकडे आहेत, पहिल्याच पावसात दादाच्या पाठीपर्यंत चिखल आला, मग मी रबरी फ्लॅप लावले. पावती मागितली तर साध्या कागदावर लिहून दिली, ज्यांना ऑफिसात जमा करायची त्यांनी आधीच बिलाचं बोलून घ्यावं. आणि रिव्हर्स गिअर इथं बसवत नाहीत. काही ठिकाणी बसवून मिळतो, महाग आहे, पण जो माणूस गाडीवरून उतरून गाडी मागं ढकलू शकत नाही त्याच्यासाठी रिव्हर्स ही चैन नाही, गरज आहे. दादा सध्या गाडी अशीच लावतो की पुढं काढता येईल, दुकानासमोर जागा आहे म्हणून जमतंय. दुसऱ्याला जमेलच असं नाही.

चालवायला ही वेगळी गाडी आहे हे डोक्यात ठेवा. दुचाकी वळणावर झुकते, ही झुकत नाही, हँडल फिरवून वळवायला लागते आणि जोरात वळवली की आतलं चाक उचलतं. रस्ता कडेला उतरता असतो तिकडं गाडी ओढ खाते. हँडल सारखं दाबून धरल्यानं कोन सेट (हँडलच्या दांड्याची बेअरिंग) लवकर झिजतो, सर्व्हिसिंगला तो बघायला सांगा. अ‍ॅव्हरेज पण कमी होतं, आमची चाळीसच्या खाली आली. खड्ड्याच्या अगदी कडेनं गाडी काढायची सवय सोडा, कारण आता बाजूला पण चाकं आहेत. दादानं गावच्या शाळेच्या मैदानावर सराव केला, मगच रस्त्यावर काढली, आता चाळीसच्या वर नेत नाही आणि तेवढं पुरतं.

कागदपत्रांचं टाळू नका. फिटर म्हणेल काय होत नाही, सगळे अशेच फिरवतात. आरसीवर बदलाची नोंद आणि लायसन त्याच प्रकारचं पाहिजे. आधी ह्याला इनव्हॅलिड कॅरेज म्हणायचे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर अडॅप्टेड व्हेइकल झालं. इन्शुरन्स कंपनीला पण साइड व्हील बसवल्याचं लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढं करतील. यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) झेरॉक्स सोबत ठेवा. एजंटनं आमच्याकडं अव्वाच्या सव्वा मागितले, दादानं स्वतः फॉर्म भरले, तेच त्याचं रोजचं काम आहे.

वर्कशॉपला माझ्याकडनं पाचपैकी साडेचार, अर्धा मडगार्डचा कापला. जाताना ज्याची गाडी आहे त्याला घेऊनच जावा, तो रोज घालतो तीच चप्पल, बूट, कॅलिपर घालून. आणि घरच्या फाटकाची, दुकानाच्या बोळाची रुंदी मोजून न्या, ती सांगितली तर मामा साइडच्या चाकांचं अंतर त्या हिशोबानं थोडं आत घेऊन देतात, फार आत घेतलं तर गाडी पलटी व्हायचा धोका वाढतो म्हणून एका मर्यादेपलीकडं ते ऐकत नाहीत. तेव्हा फाटकच रुंद करून घ्या.