किल्ल्यात एचपी५, गडावर एफपी४

बेळगावच्या पावसाळ्यात माझ्या कॅमेऱ्यात इलफर्डची एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्मच असते. आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशाला संवेदनशीलता; ४०० आयएसओची ही फिल्म १६०० पर्यंत पुश करता येते, म्हणजे १६००ची समजून कमी उजेडात वापरायची आणि डेव्हलप करताना भरपाई करायची. मग किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या छतातलं दगडी कमळ स्टँडशिवायही टिपता येतं. मात्र पुश केल्याने सावल्यांतला तपशील परत येत नाही. डेव्हलपिंगचा वेळ वाढतो, कॉन्ट्रास्ट आणि दाणा (फोटोत दिसणारा खरबरीतपणा) दोन्ही चढतात. जुन्या दगडाला तो दाणा शोभतो, असं आपलं माझं मत.

इलफर्डचीच एफपी४ प्लस १२५ आयएसओची, दाणा बारीक. दिवाळीनंतरच्या लख्ख उन्हात राजहंसगडावर अ‍ॅपर्चर एफ/१६ ला शटर १/१२५ सेकंद लावा, प्रकाश मोजणारा मीटर नसला तरी भागतं. पिवळा फिल्टर असेल तर एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश. आभाळ गडद होऊन ढग उठून दिसतात.

एकच रोल घ्यायचा तर एचपी५ घ्या. उन्हात शटर १/५०० वर न्यायचं, एवढंच.