मानेतल्या गाठीची सुईची तपासणी: स्वस्त, चांगली, पण नमुना सांभाळला तरच

घसा सुजला, दाढ किडली किंवा डोक्यात पुळ्या झाल्या की जबड्याखाली किंवा मानेत गाठ येऊ शकते. मऊ, दाबल्यावर दुखणारी, बोटाखाली सरकणारी गाठ दोन-तीन आठवड्यांत बसू लागली तर या तपासणीवर पैसे घालवू नयेत. महिनाभर तशीच राहिली, वाढत गेली, कडक आणि चिकटलेली लागली, किंवा सोबत संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, वजनातली घट असेल, तर एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं, करून घ्यावी. कॉलरबोनच्या वर आलेल्या गाठीला तर महिन्याचीही मुदत देऊ नये.

तपासणी सोपी आहे. २३ किंवा २५ गेजची बारीक सुई, बहुधा भुलीशिवाय, दोन-तीन वेळा टोचतात. दहा-पंधरा मिनिटांत मोकळे. उपाशी राहावं लागत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगाव्यात. सुईने कॅन्सर पसरतो म्हणून लोक टाळतात. तसं होणं अत्यंत विरळ.

खरी गोम नमुन्यात आहे. आपल्याकडे अशा रेंगाळलेल्या गाठींमागे टीबी वारंवार निघतो. बऱ्याच लॅब सगळा नमुना काचेवर पसरून टाकतात, मग जंतूंच्या तपासणीला काही उरत नाही. म्हणून सुई टोचण्याआधीच विचारावं: थोडा भाग सलाइनमध्ये सीबीनॅटसाठी (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) ठेवणार का? फॉर्मलिनमध्ये नको, त्यात जंतू मरतात आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं) होत नाही. सीबीनॅट मशीन दोनेक तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का, दोन्ही सांगतं. सरकारी टीबी केंद्रात ते फुकट होतं. तरी निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाहीच असं नाही. गाठीत जंतू थोडे असतात.

‘रिअॅक्टिव्ह’ (म्हणजे साधी सुजलेली गाठ) असा रिपोर्ट आला आणि गाठ वाढतच राहिली, तर तो कागद फाइलला लावून गप्प बसू नये. सोनोग्राफीखाली पुन्हा सुई किंवा अख्खी गाठ काढून बायोप्सी, हाच पुढचा टप्पा. लिम्फोमाची (अशा गाठींच्याच कॅन्सरची) शंका असेल तर सुई अपुरीच पडते, कारण त्याचा प्रकार ठरवायला गाठीची रचना दिसावी लागते. बायोप्सीआधी स्टिरॉइड घेतलं तर लिम्फोमा झाकला जातो, आणि लिव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक टीबीला तात्पुरतं दबवतं.

आणि पू झालेली टीबीची गाठ बेंड समजून कुणालाही चिरू देऊ नये. पू जाड सुईनेच काढावा. चिरलेली जखम महिनोन्महिने वाहत राहते.