स्टार वॉर्सचं पुस्तक-रेकॉर्ड, अजूनही एक नंबर

ब्यूना व्हिस्टा या डिस्नेच्या रेकॉर्ड कंपनीचा 1979 चा सेट, 24 पानांचं पुस्तक आणि सोबत 7 इंची छोटी रेकॉर्ड, आम्ही न्यू जर्सीत वाढलो त्यामुळे लहानपणी घरी हाच होता, आता सेकंडहँड परत घेतला. रेकॉर्डवर गोष्ट ऐकत पुस्तक वाचायचं, आणि आर-टू-डी-टू या पिक्चरमधल्या रोबोटचं बीप वाजलं की पान उलटायचं, काय भारी आयडिया आहे यार, मला वाचायची गोडी त्या बीपनेच लागली! घरी व्हीसीआर नव्हता, पिक्चर परत अनुभवायचा तर हाच मार्ग. आवाज पिक्चरमधल्या नटांचे नाहीत, ते जरा खटकतं, पण फोटो पिक्चरमधलेच आहेत. घेताना रेकॉर्डवर चरे पडलेत का बघा, आणि पुस्तकाशिवाय नुसती रेकॉर्ड अजिबात घेऊ नका, अर्धी मजा जाते.