आमच्याच फरशीचा राडारोडा आमच्याच बाथरूमखाली

दिवाळीच्या सुट्टीत मामांनी आणि मी बाथरूमची फरशी छिन्नी-हातोड्याने उखडली. फरशी जेमतेम आठ महिन्यांची होती. दुसरी ओळ निघाली आणि खालच्या मालातून निळ्या फुलांचा एक तुकडा वर आला. मी तो लगेच ओळखला. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी त्या टाइल्स घासत होते. फेब्रुवारीत त्या फोडून, गोण्यांत भरून, दोन जिने खाली उतरवून टाकून दिल्याचे पैसे मी दिले होते. गोणीला साठ रुपये, सत्तर गोण्या.

मामा आयुष्यभर गवंडीकाम केलेले, साताऱ्याकडचे. त्यांनी तो तुकडा हातात घेतला, अजून एक ढेकूळ फोडलं आणि विचारलं, "ह्यात वीट कुठाय गं?"

वीट नव्हतीच. म्हणून हे सगळं लिहिते आहे.

आमची इमारत पुण्यातल्या धनकवडीत, १९९४ची. त्या काळच्या बहुतेक इमारतींसारखा बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेला आहे, आमचा दहा इंच. हा खड्डा विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या मालाने भरतात, त्याला कोबा म्हणतात. कोब्याच्या खाली आणि वर वॉटरप्रूफिंग, मग फरशी. पाणी अडवायचं काम हे खालचे थर करतात. टाइल आणि तिच्या सांध्यांतून थोडं पाणी झिरपतंच, मग ती कितीही महाग असो. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मी कंत्राटदाराचं आधीचं काम बघायला शेजारच्या इमारतीत गेले, तिथल्या चकचकीत टाइल्स, सरळ सांधे पाहिले आणि खूश होऊन परत आले. आता वाटतं, त्यांच्या खालच्या मजल्यावर जाऊन छत बघायला हवं होतं.

त्याने शहाण्णव हजार सांगितले, सामानासकट. एका वहीच्या पानावर आकडे लिहून दिले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "ताई, जीएसटी धरला तर अठरा टक्के वाढतील, तुमचंच नुकसान." मी मान्य केलं. ही माझी पहिली चूक, आणि मी ती डोळे उघडे ठेवून केली. चाळीस हजार आगाऊ, कोबा झाल्यावर तीस, फरशी झाल्यावर बाकीचे. नशीब एवढंच की पैसे यूपीआयने दिले, रोख दिले नाहीत.

फेब्रुवारी म्हणजे शाळेत दहावीच्या पूर्वपरीक्षा, तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिकं. मी सकाळी साडेसहाला बाहेर पडायची. यजमान कामानिमित्त नाशिकला. घरी फक्त सासूबाई, त्यांना गुडघ्यामुळे उठवत नाही. "तुम्ही निश्चिंत शाळेत जा, बाथरूम माझ्यावर सोडा," असं तो रोज म्हणायचा, आणि रोज दुपारी व्हॉट्सॲपवर फोटो यायचे. फोडलेली फरशी, वॉटरप्रूफिंगच्या कोटिंगचे दोन रिकामे डबे, ओला कोबा. मी प्रत्येक फोटोला अंगठा दाखवला.

फसवणूक त्या फोटोंतच होती. पुढे जूनमध्ये मी तेच फोटो मोठे करून बघितले. डब्यांच्या आत वाळून दगड झालेला थर दिसत होता आणि एका डब्यावरची उत्पादनाची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. काल उघडलेला डबा आतून असा दिसत नाही. दुसऱ्या कुठल्या तरी कामावरचे रिकामे डबे आणून आमच्या बाथरूममध्ये ठेवले आणि फोटो काढला. याची ओळख सोपी आहे: डबा तुमच्यासमोर, सीलबंद असताना उघडला पाहिजे. तुम्ही घरी नसाल तर त्या दिवशी कोटिंग करू द्यायचं नाही. काम एक दिवस पुढे गेलं तर जाऊ दे.

कोबा झाल्यावर पाणी भरून ठेवायची चाचणी असते, नहाणीचं, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या भोकाचं, तोंड बंद करून. निदान अठ्ठेचाळीस तास पाणी तसंच ठेवायचं आणि पातळी उतरते का पाहायचं. शुक्रवारी संध्याकाळी पाणी भरलं. मी स्वतः भिंतीवर पेन्सिलने खूण केली, आणि तेवढ्यावर मला फार सावध वाटलं. शनिवारी मी शाळेत गेले. रविवारी सकाळी पाणी बरोबर खुणेवर. उन्हाळ्याच्या तोंडावर दीड दिवसात ते केसभरही उतरलं नाही, याचं मला आश्चर्य वाटायला हवं होतं. मी मात्र तीस हजार पाठवले.

खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छतातून त्याच शनिवारी दुपारी पाणी ठिबकत होतं. त्या वर आल्या होत्या. दारात कामगार होता, त्याने सांगितलं, "काम चालू आहे, थोडं ओल येणारच, सुकेल." काकू सभ्य बाई, परत गेल्या. सासूबाईंना आठवतं की दुपारी तो मुलगा स्वयंपाकघरातल्या नळावर दोनदा बादली भरून गेला. त्यांना वाटलं, माल कालवायला. चाचणी चालू असताना कसला माल कालवणार? हे चार तुकडे एकत्र जुळायला चार महिने लागले, कारण आम्ही तिघी बायका एकमेकींशी या विषयावर बोललोच नव्हतो. खूण वर करायची असते, पण निकाल खालच्या छतावर दिसतो. त्या दोन दिवसांत मी एकदा जरी खाली गेले असते तरी तीस हजार आणि पुढचे सव्वीस हजार वाचले असते.

जूनमध्ये काकूंच्या छताचा रंग फुगला, मग पोपडे पडले. जुलैत सोसायटीचं पत्र आलं. कंत्राटदार एकदा आला, फरशीच्या सांध्यांत पांढरं ग्राउट भरून गेला, त्याचे पंधराशे घेतले. नंतर त्याने फोन घेणं बंद केलं. दुसरा माणूस बोलावला तर तो नवीन कंत्राटाचा आकडा सांगायला लागला. तेव्हा आईने मामांना फोन केला, आणि मामा म्हणाले, "कुणाला बोलवू नको, मी येतो. आपण दोघं करू."

मामांनी आल्या आल्या रुपयाच्या नाण्याने प्रत्येक टाइल वाजवली. निम्म्याहून जास्त टाइल्सचा आवाज बद्द आला. उखडल्यावर कारण दिसलं. टाइलच्या मागे चिकटवायचा माल पूर्ण पसरलेला नव्हता, मधे पाच ठिपके दिलेले, कोपरे पोकळ. मग लेव्हल पाइप लावून ढाळ बघितला. नहाणीकडे फुटाला निदान एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, उतार हवा. आमच्याकडे पाणी दाराच्या कोपऱ्यात साचत होतं आणि मी आठ महिने ते खराट्याने ढकलत होते.

आणि मग तो खड्डा. निळ्या फुलांच्या टाइल्स, जुन्या भिंतीचा गिलावा, सिमेंटची चुरगळलेली रिकामी पिशवी, पाण्याच्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या. आमचाच राडारोडा आमच्या बाथरूममध्ये पुरला आणि वर दोन इंच मालाचा थर ओढला. म्हणजे टाकून दिल्याचे पैसे घेतले आणि त्याच्या जागी विटांचे तुकडे आणल्याचेही पैसे घेतले. अशा भरावात पोकळ्या राहतात, त्यांत पाणी साठतं आणि महिनोन् महिने खाली झिरपत राहतं. मला चीड आली ती पैशांपेक्षा याची. त्या बाटल्यांवर मी रोज उभी राहून अंघोळ करत होते, सासूबाईंना हात धरून तिथेच नेत होते.

तळाशी स्लॅबवर करडा थर होता. मामांनी खिळा ओढला तर भुकटी निघाली. नुसतं सिमेंटचं पाणी मारलेलं. खरं पॉलिमर कोटिंग रबरासारखं चिवट असतं, खिळ्याने भुकटी होत नाही. नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचं पाणी खाली नेणारं भांडं, जुनी बिडाचीच होती, वर फक्त नवी स्टीलची जाळी बसवलेली. नव्या पीव्हीसी ट्रॅपचे पैसे वहीच्या पानावर आहेत. ट्रॅप जिथे स्लॅबमधून खाली जाते त्या भोकाभोवतीचा माल हाताने निघाला. काकूंच्या छताचा डाग बरोबर त्याच्या खाली होता.

पुढचे अडीच आठवडे आम्ही दोघांनी काम केलं. अंघोळीला शेजाऱ्यांकडे जात होतो. फक्त ट्रॅप आणि तिचा पाइप प्लंबरकडून बसवून घेतला, मामा समोर उभे राहून. स्लॅब ब्रशने घासून धुतला, भेगा भरल्या, भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यात मालाचा गोल वाटा ओढला, म्हणजे कोटिंग काटकोनात फाटत नाही. कोटिंगचे दोन हात मी मारले, पहिला आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा, भिंतीवर फूटभर वर चढवून. मग विटांचे तुकडे, भिजवून घेतलेले. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

सिमेंटच्या पाच गोण्या लागल्या. मालात घालायचं वॉटरप्रूफिंगचं द्रव पन्नास किलोच्या गोणीला दोनशे मिलिलिटर, असं डब्यावरच छापलेलं असतं. पाच गोण्यांना एक लिटर. वहीच्या पानावर पाच लिटरचे दोन कॅन लिहिले होते. हा हिशेब करायला गवंडी असावं लागत नाही, मी गणित शिकवते. तसंच टाइल्सचं. साडेचार बाय सात फुटांची जमीन, साडेएकतीस चौरस फूट. एका पेटीत साधारण दहा चौरस फूट. तुटफूट धरून चार पेट्या पुरतात, वहीच्या पानावर सात होत्या. काम ठरवण्याआधी फूटपट्टी घेऊन जमीन मोजा आणि प्रत्येक आकड्याला 'कशासाठी' असं विचारा. प्रामाणिक मिस्त्री न चिडता सांगतो. मामांनी मला प्रत्येक वेळी सांगितलं.

सात दिवस कोब्यावर पाणी मारलं, मग चाचणीसाठी भरून ठेवलं, या वेळी बहात्तर तास. बाथरूमला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. दिवसातून तीनदा खाली जाऊन काकूंबरोबर टॉर्चने छत बघितलं. वरची पातळी किंचित उतरली, हवेने उतरते तेवढी. खालचा डाग सुकत गेला. त्यानंतरच टाइल्स लावल्या, मागे पूर्ण माल पसरून.

या सगळ्याला साधारण एकेचाळीस हजार लागले, मजुरी सोडून. मामांनी मजुरी घेतली नाही.

पक्कं बिल नाही म्हणजे काहीच करता येणार नाही, असं मला चार जणांनी सांगितलं. ते खरं नव्हतं. यूपीआयच्या नोंदी, वहीच्या पानाचा फोटो, त्याचे व्हॉट्सॲप संदेश, फरशी उखडतानाचं पूर्ण चित्रीकरण हे सगळं पुरावा म्हणून देता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, मी तिथूनच सुरुवात केली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, म्हणून वाट बघत बसू नका. फरशी फोडण्याआधी नोटीस पाठवा आणि फोडताना सोसायटीच्या सेक्रेटरींना उभं करा. मी सेक्रेटरींना बोलावलं होतं, नोटीस मात्र नंतर पाठवली. ती उलट क्रमाने झालेली गोष्ट आता वकीलबाईंना निस्तरावी लागते आहे.

एक गोणी आम्ही टाकलेली नाही. निळ्या फुलांचे तुकडे, दोन्ही बाटल्या आणि सिमेंटची पिशवी तीत भरून, तोंड शिवून, बाल्कनीत तुळशीमागे ठेवली आहे. सासूबाई रोज विचारतात, हे कधी हलवणार. वकीलबाईंनी सांगितलंय, तारखेपर्यंत हात लावू नका.