प्रदर्शनाचे स्टॉल बनवणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्यांनो, मधल्या एजन्सीचं काम घेताना हे वाचा, माझे ५,५१,९८० रुपये अडकलेत

लिहायचं नव्हतं, धंद्यात नाव खराब होतं. पण तोच एजन्सीवाला आता आणखी एका फॅब्रिकेटरकडे स्टॉलचं थ्रीडी डिझाइन मागतोय असं कळलं म्हणून लिहितोय.

माझं पिंपरी-चिंचवडला स्टॉल बनवायचं वर्कशॉप आहे. गोरेगावच्या एका प्रदर्शनासाठी मोठ्या कंपनीचा ५४ स्क्वेअर मीटरचा स्टॉल, बेअर स्पेस (म्हणजे नुसती रिकामी जागा), तीन बाजू ओपन, एका इव्हेंट एजन्सीमार्फत आला. रेट स्क्वेअर मीटरला ९,५००, म्हणजे ५,१३,००० आणि १८ टक्के जीएसटी ९२,३४०, एकूण ६,०५,३४०. दीड लाख ॲडव्हान्स, बाकीचे स्टॉल हँडओव्हर करताना. आता कोणी म्हणेल एजन्सीवर विश्वास कशाला ठेवला, तर बाबांनो कंपनी आपल्याकडे थेट येते कुठे, मध्ये एजन्सी असतेच आणि सगळ्यांचाच धंदा असा चालतो.

पण तो ॲडव्हान्स. पीओवर (परचेस ऑर्डरवर) एजन्सीचं नाव, शिक्का, जीएसटी नंबर सगळं व्यवस्थित, आणि पैसे आले ते कुठल्यातरी बाईच्या सेव्हिंग अकाउंटवरून. मेसेज आला तेव्हा फॅशियाचं, म्हणजे स्टॉलवरच्या नावाच्या पट्टीचं, एमडीएफ कापणं चालू होतं, मोबाईलच्या काचेवर भुसा बसलेला, तो अंगठ्याने पुसून मी नाव वाचलं, परत वाचलं. एजन्सीवाल्याला फोन केला तर म्हणे "सर, कंपनीच्या खात्याचं लिमिट संपलं होतं, मिसेसच्या खात्यावरून टाकले". आणि मी म्हटलं बरं. तिथेच मशीन बंद करायला पाहिजे होती! जीएसटीच्या साइटवर नंबर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. पुढे रिटर्न भरताना सीएने सांगितलं की हा नंबर कधीच कॅन्सल झालाय. पण समोरून खरे दीड लाख आलेत, प्लायवाला आणि सुतार पैशासाठी बसलेत, अशा वेळी खातं कोणाचं हे कोण तपासतं सांगा. तुम्ही मात्र तपासा. पीओवरचं नाव आणि खात्यावरचं नाव वेगळं असेल तर कामाला हात लावू नका.

नंतर ४०,००० डिपॉझिट. ऑर्गनायझरकडे भरायचंय, प्रदर्शन संपल्यावर परत मिळतं, मी भरून पावती देतो म्हणाला आणि यूपीआयने घेतले. पावती आलीच नाही. डिपॉझिट नेहमी ऑर्गनायझरच्याच खात्यात भरा, दुसऱ्या कोणाच्याही नाही.

उद्घाटनाच्या आदल्या रात्री, कार्पेट टाकणं चालू, व्हिनाइल अजून चिकटतंय, तेव्हा एजन्सीवाल्या साहेबांना एलईडी वॉल आठवली. ४८,००० अधिक जीएसटी, ५६,६४०. तेही फोनवर, लेखी काही नाही. कंपनीचे मार्केटिंगवाले शेजारीच उभे. बाकीचे पैसे मागितले तर हातात ३ लाखांचा चेक दिला. त्या वेळी काम थांबवलं असतं तर सकाळी अर्धवट स्टॉल दिसला असता आणि बदनामी माझी झाली असती, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं. चेक बाउन्स. म्हणाला परत टाका, पुढच्या सोमवारी नक्की. असल्या गोड बोलण्यात अडकू नका, चेक परत गेल्याचा बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, नाहीतर चेक बाउन्सची कलम १३८ ची केस हातातून जाऊ शकते. माझी नोटीस वेळेत गेली म्हणून निदान ती केस तरी उभी आहे.

कंपनीला मेल केला, उत्तर आलं की आम्ही एजन्सीला पूर्ण पेमेंट केलंय. म्हणजे माझ्या घामाचे पैसे तो घेऊन बसलाय! पोलिसांकडे गेलो तर म्हणे प्रकार मुंबईत घडला, तिकडे जा. तिकडे म्हणे ऑर्डर पुण्यात दिली, इकडे या. कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते ती झिरो एफआयआर कशासाठी आहे मग? शेवटी एका साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, त्याने दीड लाख दिलेत ना, मग फसवायचा हेतू कुठे दिसतो, ही सिव्हिल मॅटर आहे. अहो पण रद्द झालेला जीएसटी नंबर पीओवर छापणं हा हेतू नाही तर काय आहे? अर्ज घेतला, पोच द्यायलासुद्धा खळखळ केली. थोडे पैसे टाकून मोठी रक्कम बुडवायची, म्हणजे गुन्हाच होत नाही, ही युक्ती या लोकांना आपणच शिकवतोय असं वाटतं.

लघुउद्योगांच्या थकबाकीसाठी कायदा आहे. ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. कागदावर छान. तक्रार केली, ९० दिवसांत निकाल असं कायद्यात लिहिलंय, आणि इथे नुसत्या तारखा पडतायत, वर समोरच्याचा वकील म्हणतो हे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट आहे, म्हणजे मालासकट कामाचा ठेका, हा कायदा लागूच नाही. तरी उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) काम घ्यायच्या आधी करून ठेवा, नंतर केलेलं उपयोगी पडेलच असं नाही. आणि बिलात डिझाइन, माल, भाडं सगळं वेगवेगळं लिहा.

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? ॲडव्हान्सनंतर मला एक रुपया मिळालेला नसताना बिल फाडलं म्हणून १,००,९८० रुपये जीएसटी मी खिशातून भरलाय. त्यात एक दिवस उशीर झाला असता तर व्याज लागलं असतं. माझ्या पैशाला उशीर झाला तर कोणाला काही लागत नाही.

एलईडीवाल्याचं आणि सुतारांचं सगळं देऊन टाकलंय, त्यांचा काय दोष. पुण्या-मुंबईत कोणाला "कंपनीची पॅनलवरची एजन्सी" म्हणून फोन आला तर थेट कंपनीच्या मार्केटिंगला मेल टाकून विचारा, ही एजन्सी तुमची आहे का आणि फॅब्रिकेटरचं पेमेंट थेट कराल का. एजन्सीला राग आला तर येऊ द्या.