दोन कार्डं, दोन नकाशे आणि भरतीचं कोष्टक: नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर सात महिन्यांच्या वापरानंतर

आधी काय वापरलं ते. इंग्लिश हेरिटेज आणि नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या दोन संस्थांचं वार्षिक सदस्यत्व, म्हणजे त्यांची प्रवेशाची कार्डं. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा-संस्थेचे एक्सप्लोरर मालिकेतले ३४० आणि ३३२ क्रमांकाचे कागदी नकाशे. आणि होली आयलंडच्या रस्त्याचं भरतीचं कोष्टक. काळ एप्रिल ते ऑक्टोबर. टापू इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यातला, दक्षिणेला वॉर्कवर्थ ते उत्तरेला होली आयलंड, म्हणजे सरळ रेषेत पस्तीस-चाळीस किलोमीटर. एवढ्यात पाच मोठे किल्ले-मठ, आठ-दहा मासेमारीची गावं आणि प्रत्येक गावात एक चर्च.

यातली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे कोष्टक, आणि ते फुकट आहे. काउंटी कौन्सिल ते संकेतस्थळावर देते. होली आयलंडला, म्हणजे लिंडिसफार्नला, जाणारा रस्ता दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला ओहोटीत चालत गेलेल्यांना कल्पना लगेच येईल. फरक इतकाच की इथे डांबरी रस्ता आहे, त्यामुळे माणसाला उगाच धीर येतो. कोष्टकात गाडीने ओलांडायच्या सुरक्षित वेळा असतात. रोज त्या साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकतात. आपल्याकडची तिथी इथेही उपयोगी पडते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि त्या दिवसांत रस्ता भर दुपारी बंद असतो, म्हणजे दिवसाची सहल मोडते. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती, तेव्हा दुपार मोकळी मिळते. हा अंदाज मुक्कामाच्या तारखा ठरवायला. प्रत्यक्ष निघताना कोष्टकातली त्या दिवसाची वेळच धरायची.

चुका ठरलेल्या आहेत. बेटावरून परतताना टेकाडांच्या कडेचा रस्ता कोरडा दिसतो म्हणून लोक वेळ संपल्यावरही निघतात. सगळ्यात सखल भाग आहे तो पलीकडे, मुख्य भूमीजवळच्या पुलापाशी, आणि तो या टोकाहून कळत नाही. त्याच पुलाशेजारी खांबांवर उभी केलेली पांढरी खोली आहे, अडकलेल्यांनी चढून बसण्यासाठी. पाणी चाकांशी आलं की गाडीचा मोह सोडून त्या खोलीत चढायचं आणि ९९९ वर कोस्टगार्ड मागायचा. जोराचा वारा असेल तर पाणी छापील वेळेआधीही येतं, म्हणून शेवटचा अर्धा तास हिशेबात धरूच नये. आणि खांब रोवलेली वाळूतली जुनी यात्रेकरूंची वाट चालायची असेल तर गाडीच्या वेळा तिला लागू नाहीत. पाच किलोमीटरला दोन तास सहज जातात, पाय चिखलात रुततात. ओहोटीच्या तळाशी पलीकडे पोचलेलं असावं असं निघायचं.

आता कार्डं. इथे बहुतेकांची फसगत होते, कारण छायाचित्रांतला सगळ्यात देखणा किल्ला बॅम्बरा, आणि तिथे दोन्ही कार्डं चालत नाहीत. १८९४ मध्ये उद्योगपती आर्मस्ट्राँगने तो घेतला, आजही त्या घराण्याकडेच आहे, तिकीट वेगळं. ॲनिकचा किल्ला ड्यूक ऑफ नॉर्थम्बरलंडचा, तिथेही तेच. इंग्लिश हेरिटेजच्या कार्डावर मिळतात वॉर्कवर्थचा किल्ला, लिंडिसफार्नचा मठ आणि डन्स्टनबरा. नॅशनल ट्रस्टच्या कार्डावर लिंडिसफार्नचा किल्ला, इनर फार्न बेटावर उतरण्याचं शुल्क आणि पुन्हा डन्स्टनबरा. तो ट्रस्टच्या मालकीचा आणि हेरिटेजच्या देखभालीतला, त्यामुळे दोन्हींपैकी कुठलंही कार्ड चालतं. एकच घ्यायचं तर इंग्लिश हेरिटेज घ्या. एका प्रौढ सदस्याबरोबर सहा मुलांपर्यंत प्रवेश मोफत असतो. दोन मुलांच्या कुटुंबाला हिशेब लवकर जमतो. भारतातून दोन आठवड्यांसाठी येणाऱ्यांनी वार्षिक सदस्यत्वाच्या भानगडीत पडू नये. परदेशी पाहुण्यांसाठी ९ आणि १६ दिवसांचा वेगळा पास आहे. फक्त या किनाऱ्यापुरता तोही महाग पडतो. पुढे यॉर्कशर किंवा हेड्रियनची रोमन भिंत करणार असाल तरच वसूल होतो.

ट्रस्टच्या कार्डाबद्दल मत मिश्र आहे. लिंडिसफार्नचा किल्ला बाहेरून डोंगरी किल्ल्याच्या धाकट्या भावासारखा; सोळाव्या शतकातली तोफांची गढी. आत मात्र १९०० नंतर ल्यूटेन्सने, होय, नवी दिल्लीवाल्याच ल्यूटेन्सने, सुट्टीचं घर करून ठेवलंय. पाहण्यासारखं आहे, पण हिवाळ्यात बंद असतो आणि उघडण्याच्या वेळाही भरतीप्रमाणे बदलतात. फार्नला जायची होडी सीहाउसेसहून, तिचं भाडं कार्डात नाही. मे ते जुलै पक्ष्यांचा हंगाम. तेव्हा जाड टोपी सक्तीची समजा, कारण आर्क्टिक टर्न पिल्लांजवळून जाणाऱ्यांच्या डोक्यात खरोखर चोच मारतात. पफिन पाहायचे असतील तर जुलैअखेरच्या आत जा. पुढे ते समुद्रात निघून जातात.

पैसे, वेळ आणि पाय यांचा सगळ्यात चांगला मोबदला डन्स्टनबराला मिळतो. गाडी जात नाही. क्रास्टरच्या जुन्या खाणीतल्या पार्किंगला गाडी लावायची (ते पार्किंग ट्रस्टचं नाही, सदस्यांनाही पैसे पडतात), बंदराशी उतरायचं आणि मेंढ्यांच्या कुरणातून दोनेक किलोमीटर उत्तरेला चालायचं. सगळ्या वाटेवर किल्ला समोर दिसत राहतो आणि बराच वेळ जवळ येतच नाही. १३१३ मध्ये लँकेस्टरच्या टॉमसने तो बांधायला घेतला, राजाशी वाकडं घेतलं आणि १३२२ मध्ये त्याचं डोकं उडवलं गेलं. उरलंय ते दुहेरी बुरुजांचं महाद्वार आणि तटाचे तुकडे. आत सामान काही नाही, छप्परही नाही. त्यामुळे पावसात आडोसा शोधू नका. बसायला महाद्वाराची वाऱ्याआडची बाजू बरी. परत त्याच वाटेने न येता पुढे एम्बल्टनची पुळण धरून लो न्यूटनपर्यंत गेलं तर अर्धा दिवस सार्थकी लागतो. वाट गोल्फच्या मैदानाला लागून जाते, तिथे चेंडूंकडे लक्ष ठेवा.

हा किल्ला, बॅम्बरा आणि लिंडिसफार्नची गढी एकाच काळ्या दगडावर उभी आहेत. व्हिन सिल म्हणतात त्याला. सह्याद्रीतल्या बेसॉल्टचाच भाऊबंद, पण हा शिलारस वर न येता जमिनीखालीच थिजला, सुमारे २९.५ कोटी वर्षांपूर्वी. नकाशावर समोच्च रेषा अचानक किनाऱ्याशी दाटल्या की समजावं, हाच दगड.

नकाशांचं प्रमाण १:२५,०००, म्हणजे ४ सेंटिमीटरला १ किलोमीटर. चर्चसाठी त्यात तीन खुणा आहेत: काळ्या चौकोनावर क्रूस असेल तर मनोरा चौकोनी, काळ्या वर्तुळावर असेल तर टोकदार, नुसता क्रूस असेल तर मनोराच नाही. लांबून गाव ओळखायला हे फार कामी येतं. हिरव्या तुटक रेषा म्हणजे चालण्याचा हक्क असलेल्या वाटा. कागदाचं दुखणं म्हणजे वारा आणि घड्या. तीन-चार महिन्यांत घड्यांच्या चौकात भोकं पडतात. आधीच मागून पारदर्शक टेप लावा. क्रास्टर ३३२ वर, बॅम्बरा आणि होली आयलंड ३४० वर.

चर्चना तिकीट नाही, कार्ड नाही, दिवसा बहुतेक उघडीच असतात. तरी निम्मे लोक बंद समजून परत फिरतात, आणि कारण असतं कडी. जाड ओकच्या दाराला हाताच्या उंचीवर लोखंडी कडं लटकत असतं. लोक ते ओढून पाहतात. ते फिरवायचं असतं: पाव फेरी दिली की आतली खिट्टी वर उचलली जाते, ‘टक्’ असा आवाज येतो, मग खांद्याने ढकलायचं, कारण दमट हवेने लाकूड फुगलेलं असतं. आत जाळीचं दुसरं दार असेल तर ते लगेच लावून घ्या, नाहीतर पाकोळ्या आत शिरतात. दोन मिनिटं डोळे सरावू द्या. रविवार सकाळ प्रार्थनेची, तेव्हा टाळा.

बॅम्बराच्या सेंट एडन चर्चच्या आवारात ग्रेस डार्लिंगचं उंच कमानीखालचं स्मारक आहे. १८३८ मध्ये बुडालेल्या जहाजावरच्या ९ जणांना वाचवण्यासाठी वडिलांबरोबर वल्हवत गेलेली दीपगृहातली मुलगी ती. सगळे त्या कमानीचे फोटो काढतात. तिची खरी कबर आवारातच, घरच्यांजवळ, साधी आहे. ती शोधा. समोरचं छोटं संग्रहालय फुकट. होली आयलंडच्या सेंट मेरी चर्चमध्ये सहा भिक्षू संत कथबर्टची शवपेटी खांद्यावर घेऊन निघालेत असं एल्म लाकडाचं मोठं शिल्प आहे. पलीकडच्या मठाच्या अवशेषांआधी हे पाहिलं तर ७९३ च्या व्हायकिंग हल्ल्यानंतर काय झालं ते डोक्यात बसतं. वॉर्कवर्थचं सेंट लॉरेन्स नॉर्मन काळातलं, आणि वेदीवरचं दगडी छत मान वर करून पाहावं असं.

गावांबद्दल थोडक्यात. लो न्यूटन म्हणजे समुद्राकडे उघडा चौक आणि तीन बाजूंना पांढरी घरं. गाडी वरच्या पार्किंगलाच सोडा, खाली जागा नाही. बीडनेलच्या धक्क्यावर अठराव्या शतकाच्या अखेरच्या चुन्याच्या भट्ट्या आहेत. क्रास्टरचा किपर घ्याच. हेरिंग पाठीतून चिरून, मिठाच्या पाण्यातून काढून ओकच्या धुरावर टांगतात. मासा आता बाहेरून येतो, धूर मात्र गावचा. तारलीच्या जातीचा असल्याने काटे भरपूर, आणि वास गाडीत दोन दिवस राहतो, तेव्हा डबा घट्ट झाकणाचा न्या.

एक रुखरुख वॉर्कवर्थच्या हर्मिटेजची. नदीकाठच्या खडकात कोरलेलं छोटं देवघर, होडीनेच जाता येतं आणि उन्हाळ्यातही मोजक्याच दिवशी उघडतं. किल्ला रिकाम्या दिवशीही पाहता येतो, त्यामुळे तारीख हर्मिटेजची बघून ठरवा. पुढच्या वर्षी ट्रस्टचं कार्ड चालू ठेवणार नाही. हेरिटेजचं ठेवणार, कारण नूतनीकरणानंतर स्कॉटलंडच्या सरकारी किल्ल्यांतही प्रवेश मिळतो आणि सीमा इथून तासाभरावर आहे.